‘दूध उतू जाण्याआधी’ अर्थात सासू कुठी गेली होती?

मी कवयित्री आहे, ही गोष्ट आमच्या घरात सर्वांत आधी दुधाला कळली.

त्याचं असं आहे. घरात दहा महिन्यांची मुलगी असली की तिच्या आईला दिवसातून स्वतःचा म्हणून किती वेळ मिळतो, याचा मी बारकाईनं अभ्यास केलेला आहे. उत्पला झोपली की धुणं असतं आणि धुणं झालं की उत्पला उठलेली असते. मधे एकच फट सापडते. वातीच्या स्टोवर दूध ठेवलं की ते वर येईपर्यंत सुनेनं तिथून हलायचं नाही, असा माझ्या सासूबाईंचा, म्हणजे बायनाबाईंचा, दंडक आहे. मी हलले नाही. फक्त एका हातात पेन्सिल घेतली आणि गुडघ्यावर साखरेच्या पुड्याचा कागद.

अशा रीतीनं मराठी कवितेत एका नव्या प्रकाराची भर पडली. त्याचे नियम कडक आहेत. भांडं स्टोवर चढलं की पहिली ओळ सुरू आणि दूध उतू जाण्याआधी शेवटची ओळ पूर्ण. उतू गेलं तर कविता रद्द. म्हशीचं दूध असेल तर जरा पसरता येतं, गायीचं असेल तर आटोपतं घ्यावं लागतं. स्टोच्या वाती काजळल्या की खंडकाव्य होतं. आमचा दसरू गवळी पावसाळ्यात दुधात अंमळ जास्त पाणी घालतो. त्या चार महिन्यांत माझ्या कवितेला जो ऐसपैसपणा आला, तो पुढं कधी आला नाही. नमुन्यादाखल एक देते. ही गायीच्या पावशेरात झाली आहे.

तुझ्या मुठीत माझं बोट.
सोडवायला गेले
तर झोपेतच हसलीस.
मी बोट तिथंच ठेवून
बाकीची उठले.

माझी पहिली समीक्षक बुधरी. आमच्या कोसमटोल्याच्या पलीकडे जंगलात तिचा टोला, म्हणजे चार झोपड्यांची वस्ती, आहे. दर गुरुवारी बाजाराला जाताना ती आमच्या ओट्यावर पाणी प्यायला थांबते. डोक्यावर पत्रावळींचा भारा आणि पाठीला बांधलेलं, उत्पलाच्याच वयाचं पोर. एकदा तिनं मला पेन्सिलीसकट पकडलं.

“काय लिहून राह्यली बाई? हिसोब?”

“नाही गं. कविता.” मी तिला कविता म्हणून दाखवली आणि नियमही समजावले. तिनं शांतपणे ऐकून घेतलं, पाणी प्यायली, तांब्या पालथा घातला.

“मंग ज्याच्या घरी दूधच नाई, त्यानं कशी करावी?”

इतका थेट आक्षेप माझ्या काव्यप्रकारावर त्याआधी कोणी घेतला नव्हता. मी म्हटलं, “बघू.” अडचणीच्या अर्जाला ‘बघू’ म्हणायचं असतं, हे मी सरकारी कचेऱ्यांत जाऊन जाऊन शिकले आहे.

पुण्यामुंबईच्या संपादकांनी मात्र एवढंही लक्ष दिलं नाही. सात कविता पाठवल्या, सातही परत आल्या. एकीच्या समासात लाल शाईनं लिहिलं होतं, ‘सुरुवात बरी आहे. पूर्ण करून पाठवावी.’ पूर्ण करून! पूर्ण केली असती तर इथं पातेलं करपलं नसतं का?

माझा चेहरा पाहून आमच्या यांनी, म्हणजे गुणवंतरावांनी, एक उतावळा निर्णय घेतला. हे गावच्या शाळेत शिकवतात. इतिहास शिकवणाऱ्या माणसाला बायकोनं इतिहासात जावं असं अधूनमधून वाटतं. “आपणच पुस्तक काढू,” म्हणाले. बत्तीस पानांची पुस्तिका, नाव ‘दूध उतू जाण्याआधी’, कवयित्री सौ. विशाखा टेंभुर्णे. वडशाच्या एका छापखान्यात काम दिलं. दिवाळी नुकतीच आटोपली होती आणि तिथं लग्नपत्रिकांची घाई उडाली होती. गठ्ठा सोडून पाहिला तर प्रत्येक मुखपृष्ठावर दोन सनया आणि मधे चौघडा. शेवटच्या कवितेखाली, जिथं मी मुद्दाम कोरी जागा ठेवायला सांगितली होती, तिथं ‘आपले नम्र, समस्त टेंभुर्णे परिवार’.

“कोरं बरं नाई दिसत,” छापखानेवाल्यानं यांना सांगितलं होतं म्हणे.

दोनशे पुस्तकं खाटेखाली गेली. पहिली वाचक उत्पला. तिनं पान सात पूर्णपणे आत्मसात केलं. आम्हाला दुसऱ्या दिवशी त्याचा पुरावा मिळाला.

आता ही दोनशे पुस्तकं खाटेखालून माणसांत कशी जावीत, यावर शेजारच्या नीलाबाईंनी आपणहून डोकं लावलं. नीलाबाईंचे यजमान वनरक्षक आहेत, त्यामुळे रोपं लावल्यावर ती जगवावी कशी याचा विचार त्यांच्या घरात सतत चालू असतो.

“मी काय म्हंते विशाखा, पुस्तकासंग एक चमचा फुकट दे.”

“चमचा कशाला?”

“चहापत्तीसंग देते ना. लोकं चहापत्ती घेतेच का नाई? नाईतं मागच्या पानावर लोनच्याची कृती छाप. कविता नाई आवडली तं लोनचं तं होईन.”

मी जरा ताठ स्वरात सांगितलं की कविता ऐकावी लागते, आणि मी शाळेच्या व्हरांड्यात रविवारी तीन वाजता काव्यवाचन ठेवणार आहे. तीन ते चार ही उत्पलाच्या झोपेची वेळ. मला पंधरा माणसं हवी होती. नुसती पंधरा. त्यांची यादीसुद्धा मी करून ठेवली होती. पंधरा माणसांनी माझी एक कविता शेवटच्या ओळीपर्यंत ऐकावी, मधे कोणी उठू नये, एवढीच इच्छा. दूधसुद्धा माझं तेवढं ऐकून घेत नाही.

“पंधरा बी बिना भोंग्याचे येत नाई इथी,” नीलाबाई म्हणाल्या.

इथून पुढं जे झालं ते त्या भोंग्यामुळे.

भोंगा लावायचा तर परवानगी हवी. चौकीवरचे जमादार वामनराव स्वभावानं फार चांगले. त्यांनी खुर्ची दिली, उत्पलाला शिट्टी दिली आणि छापील अर्ज पुढं ओढला.

“कार्यक्रमाचा परकार सांगा बाई. लग्न, सभा, मिरवनूक, नाटक.”

“काव्यवाचन.”

“ते यात नाई.”

“‘इतर’ असा रकाना असेल ना?”

“हाये ना. पन इतरचा कागद गडचिरोलीले जाते. साहेब पाह्यते, सही होते, वापस येते. एक महिना पकडा. नाटक म्हटलं तं आत्ताच इथी शिक्का.”

उत्पलानं तेवढ्यात शिट्टी गिळायचा प्रयत्न सुरू केला होता. मी म्हटलं, “नाटक लिहा.”

“पात्रं?”

“मी एकटीच.”

“अन् हे?” त्यांनी उत्पलाकडे पेन दाखवला आणि स्वतःच लिहिलं: ‘स्त्री पात्रे दोन, पैकी एक कडेवर.’ मग जरा पुढं वाकून हळूच, “खलनायक कोन हाये?”

“ते अर्जात लागतं?”

“अर्जात नाई. मले जरा आवड हाये.”

आता ज्यांना आमचा भाग ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. धान कापून झालं की आमच्याकडे मंडईचे दिवस सुरू होतात. आज या गावाची मंडई, उद्या त्या गावाची. मंडई म्हणजे बाजार आणि बाजारापेक्षा मोठं म्हणजे नाटक. नाटक लागलं की त्या गावच्या साऱ्या लेकी जावयांना घेऊन माहेरी येतात, व्याही येतात, आत्या-मावशा येतात. घरोघरी वडे तळले जातात, कोंबडे कापले जातात. आमच्या गावची मंडई त्या वर्षी झाली नव्हती, कारण गावच्या नाटक मंडळातले राजा आणि प्रधान शेताच्या बांधावरून एकमेकांशी बोलत नव्हते. म्हणजे सारं गाव नाटकासाठी भुकेलं होतं आणि अशा गावात मी भोंगा फिरवायला निघाले होते. मी भद्रावतीच्या कारखान्याच्या वसाहतीत वाढलेली. तिथं भोंगा वाजला की वडील कामावर जात, एवढंच मला भोंग्याविषयी माहीत.

भोंगा पत्रूभाऊंचा. नाटकांची दवंडी देण्यात पंचक्रोशीत त्यांच्या तोडीचा माणूस नाही. सायकलच्या दांडीला भोंगा, मागच्या कॅरियरला खोक्यात बॅटरी. मी त्यांना सुवाच्य अक्षरात कागद दिला: ‘रविवारी दुपारी तीन वाजता शाळेच्या व्हरांड्यात सौ. विशाखा टेंभुर्णे यांच्या नव्या धर्तीच्या कवितांचे वाचन. इच्छुकांनी यावे.’

पहिल्या फेरीला ते हेच वाचत गेले. दुसऱ्या फेरीलाही. मी ओट्यावर उभी राहून ऐकलं आणि अंगावर मूठभर मांस चढलं. तिसऱ्या फेरीला मी आत भात उतरवत होते, तेव्हा कोपऱ्यावरून आवाज आला.

“यायला इसरू नका! पाह्यला चुकू नका! आपल्या कोसमटोल्यात खास लोकाग्रहास्तव! हास्याचे फवारे, आसवांचा पूर! भद्रावतीची नामवंत तारका विशाखा हिच्या बहारदार भूमिकेनं नटलेलं, सामाजिक, कौटुंबिक, काळजाले घरं पाडनारं... ‘दूध उतू जाण्याआधी’! अर्थाऽऽत, ‘सासू कुठी गेली होती?’”

भात हातातच राहिला. सासूबाई सुपात तांदूळ निवडत होत्या. त्यांचा हात थांबला.

“काय म्हंते हा? मी कुठी गेली होती?”

“तुम्ही नाही हो, त्या नाटकातल्या...”

“मी घरीच होती!”

हे धावत जाऊन पत्रूभाऊंना घेऊन आले. पत्रूभाऊ जराही ओशाळले नव्हते.

“बाई, तुमचा कागद मी दोनदा जसाच्या तसा वाचला. कुत्रं बी बाहेर नाई आलं. तिसऱ्या खेपेले जरासं मीठ टाकलं.”

“आणि सासू कुठून आली?”

“आता पाहा. दूध उतू चाल्लं. सासू घरात असती तं दूध उतू जाऊ दिलं असतं का? नाई. म्हनजे ती घरात नव्हती. मंग कुठी गेली होती? मी सोता सकाळपासून इचार करून राह्यलो.”

या युक्तिवादात खोट सापडेना. माझ्या कवितेचा एवढा खोलात जाऊन विचार त्या संपादकांनीसुद्धा केला नव्हता. पण तोवर ते पाच गावं फिरून आले होते.

दुसऱ्या दिवशी सासूबाई हातपंपावर पाण्याला गेल्या आणि रिकामी घागर घेऊन परत आल्या. पंपावर तीन बायकांनी विचारलं होतं, “बायनाबाई, खरंच सांग वं, कुठी गेली होती?” घागर ठेवून त्या यांना म्हणाल्या, “तुह्या बायकोले सांग, पाच गावांत इचारून राह्यले.” मी चार हातांवर उभी होते. तेव्हापासून माझ्याशी बोलणं बंद. उत्पलाशी बोलत, पण तेही मला ऐकू येईल असं: “उप्पे, तुही आजी कुठी जाते वं? कुठीच नाई जात.”

शुक्रवारपासून पाहुणे उतरू लागले. नीलाबाईंची नणंद आरमोरीहून आली, तीन मुलं आणि नवरा घेऊन. एस.टी.तून माणसं उतरत आणि “नाटक कुठी हाये?” विचारत. शनिवारी बैलबंड्या आल्या. मी यांना घेऊन सरपंच देवरावांकडे गेले आणि हात जोडून म्हटलं, हे नाटक नाही, रद्द करा, मी स्वतः भोंग्यावरून माफी मागते.

देवराव बराच वेळ सुपारी कातरत राहिले.

“मास्तरीनबाई, मायी लेक आली, जावई आला. जावयाच्या ताटात कोंबडा पडला. आता नाटक नाई म्हटलं तं तो कोंबडा वापस येते का?”

“पण माझ्या पाच-पाच ओळींच्या कविता आहेत हो.”

“बारीकसारीक असू द्या. पन पाहुनं बिना नाटकाचं वापस गेलं ना, तं पुढच्या साली या गावात लेकी येनार नाई. गावाचं नाक हाये हे.” मग आवाज खाली आणून, “तुमी फक्त उभ्या राहा. बाकी आमी पाह्यतो.”

‘बाकी’ म्हणजे काय ते रविवारी कळलं. शाळेचा व्हरांडा सोडून मैदानात मांडव पडला होता. राजा आणि प्रधान यांनी भांडण विसरून मंडळाचा पडदा काढून दिला होता. त्यावर राजवाडा रंगवलेला, कारंजं, दोन मोर. पेटीवाले आणि तबलजी कोणी न बोलावता येऊन बसले होते. लोकांनी सकाळीच पोती आणि चटया अंथरून जागा धरल्या होत्या. माझी पंधरांची यादी माझ्या मुठीत घामानं भिजली. समोर पाचशे तरी माणूस होतं. पार कडेला, चिंचेच्या बुंध्याशी, पोराला मांडीवर घेऊन बुधरी बसली होती. यादीतलं ते एकच नाव मला दिसलं.

तीनला सुरू व्हायचं होतं. पण पाहुण्यांचं स्वागत झालं, देवरावांनी चार शब्द बोलता बोलता चाळीस मिनिटं घेतली, पेटीवाल्यांनी स्वागतगीत म्हटलं, ते चांगलं झालं म्हणून पुन्हा म्हटलं. चार वाजले. उत्पलाच्या झोपेची वेळ संपली आणि माझ्या कवितेची सुरू झाली.

मी राजवाड्यासमोर उभी राहिले. बोटाची कविता वाचली. पाच ओळी. संपली. मी थांबले. पाचशे माणसंही थांबली.

मागून एक आवाज आला, “सुरू कधी होते?”

मी दुसरी वाचली.

दोरीवर सात दुपटी.
सातव्याच्या पलीकडे जंगल.
एक दिवस आठवं वाळत घालायला
मी तिथवर जाईन.

“हे नांदी हाये का?” पुढच्या रांगेतल्या जावयानं सासऱ्याला विचारलं. देवरावांनी त्याच्याकडे न बघता मान हलवली. ती हो अशी हलली की नाही अशी, हे कळायला मार्ग नव्हता. तबलजीला माझी दया आली असावी, त्यानं मधेच एक तुकडा वाजवला. मागं कुजबुज वाढत चालली. कोणीतरी पोतं गुंडाळायला लागलं. हे बाजूला उत्पलाला हलवत उभे होते, तिनं भोकाड पसरलं होतं आणि चेहऱ्यावरून हेही त्याच बेतात दिसत होते. एक कविता शेवटपर्यंत ऐका म्हटलं होतं, तर ऐकूनही कोणाला ती संपल्याचं कळत नव्हतं. आणि आता हे गाव माझ्यामुळे पाहुण्यांसमोर बिनानाकाचं होणार होतं.

तेव्हा सासूबाई रंगमंचावर आल्या.

म्हणजे त्या माझ्यासाठी नव्हत्या आल्या. नात भुकेली होती. घरून स्टो आणि दुधाचं पातेलं घेऊन त्या पडद्याच्या बाजूला बसल्या होत्या, पण तिथं वारा असा सुटला होता की काडी टिकेना. चार काड्या विझल्या. पाचवीला त्या उठल्या, सरळ राजवाड्यासमोर मधोमध आल्या, पदर खोचला, स्टो ठेवून पेटवला आणि वर पातेलं ठेवलं.

“तिकडं वारा लागते,” त्या म्हणाल्या. माझ्याशी दोन दिवसांनी.

पोतं गुंडाळणारा पुन्हा बसला.

“दूध ठेवलं,” कोणीतरी हळूच म्हणालं.

“अन् सासू आली!”

मला काय सुचलं कोण जाणे. मी माईक जवळ ओढला आणि म्हटलं, “हे दूध उतू जायच्या आत मला कविता संपवायची आहे.”

“अन् नाई संपली तं?” जावई.

“तर कविता रद्द.”

पाचशे माणसं पुढं सरकली. मी एक कविता वाचायची आणि सारे डोळे पातेल्यावर. शेवटची ओळ संपली की मांडवातून सुस्कारा. दुसरी. तिसरी. चौथीला कडेनं बुडबुडे धरले आणि दोन तट पडले. बायका ओरडत, “बायनाबाई, वात कमी कर!” पुरुष ओरडत, “वाढव, वाढव!” सासूबाई दोघांकडेही न बघता त्यांना वाटेल तेवढीच वात ठेवत होत्या. जमादार वामनराव बंदोबस्त सोडून पुढं येऊन बसले होते. आयुष्यात पहिल्यांदा माझी कविता कशी संपते याची कोणालातरी काळजी लागली होती.

आणि मग ते आलंच. मागून एक म्हातारी उठून म्हणाली, “ते सारं ठीक हाये, पन सासू कुठी गेली होती ते सांगा ना!”

“हो हो, सांगा!”

माझ्याकडे एक कविता होती. पुस्तकात नव्हती. छापायचं धाडस झालं नव्हतं. मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या पातेल्याकडे पाहत होत्या. मी पाठ असलेली म्हटली.

सासूबाई म्हणतात, दूध मी बघते, तू जा.
मी जाते
आणि दाराआडून बघते.
दुधाकडे पाहत सासूबाई
ओठांतल्या ओठांत
कुणाशी बोलतात?

सासूबाईंनी झटकन मान वर केली. चोरून पाहिल्याबद्दल आता मला पाचशे माणसांदेखत ऐकावं लागणार, अशी माझी खात्री झाली.

“बायनाबाई, कोनासंग बोलत होती वं?” खालून नीलाबाई.

“तुह्यासंग नाई बोलत होती, बस खाली!”

केवढा हशा पिकला. तो ओसरेपर्यंत त्या थांबल्या. मग माईककडे नाही, माझ्याकडे बघून बोलल्या, पण मैदान इतकं शांत होतं की शेवटच्या रांगेलाही ऐकू गेलं.

“माह्या मायसंग बोलतो मी. ती मालगुजाराच्या गोठ्यातलं शेन काढे. शेन तिच्या वाट्याले, दूध दुरून पाहे. मी तिले रोज सांगतो, पाय वं माय, दूध. आपलं हाये. तुह्या पनतीसाठी तापून राह्यलं.”

देवरावांच्या हातातला अडकित्ता उघडाच राहिला. त्या क्षणी पाचशे माणसांपैकी एकाचंही लक्ष दुधाकडे नव्हतं.

फस्स झालं. स्टो भकभकला, दूध राजवाड्यापर्यंत वाहत गेलं. आणि पत्रूभाऊंनी, ज्यांना इतका वेळ गप्प बसायची सवय नाही, माईकवर झेप घेतली.

“दूध उतू गेलं होऽऽ!”

टाळ्या, शिट्ट्या, पेटी, तबला सारं एकदम. माणसं उभी राहिली. जावई सासऱ्याला मिठी मारत होता. नियमाप्रमाणे ती कविता रद्द झाली. मी मात्र ती खोडली नाही.

उत्पलाचं दूध मोरांच्या पायाशी गेलं आणि तिनं आता असा काही टाहो फोडला की भोंग्याची गरज उरली नाही. अर्ध्या तासात घरोघरून इतके लोटे आले की ठेवायला भांडी पुरेनात. पोरीला वाटीनं पाजता पाजता सासूबाई कोण कोण दूध घेऊन आलं ते डोळ्यांनी टिपत होत्या आणि काही नावांवर त्यांची मान जरा जास्त ताठ होत होती. आम्ही पुढं तीन दिवस खीर खाल्ली.

पुस्तकं तिथंच संपली. काही पाहुण्यांनी सनया पाहून लग्न कोणाचं, तारीख कोणती, अशी चौकशी केली. नीलाबाईंनी तारीख सांगितलीही, पण त्यात मी शिरत नाही. माझ्या मानाचं म्हणाल तर एस.टी.च्या थांब्यावर मी स्वतःच्या कानांनी ऐकलं ते सांगते. आरमोरीच्या नणंदबाई म्हणत होत्या, “काय काम केलं बायनाबाईनं! डोळ्यातून पानी काढलं. अन् ती दुसरी कोन होती वं, ते कागद वाचनारी?”

मी उत्पलाचं टोपडं सारखं केलं आणि पुढं गेले.

सासूबाई आता माझ्याशी बोलतात. दूध ठेवलं की स्वतःच पेन्सिल आणून देतात. “लिही, मी पाह्यतो,” म्हणतात. मात्र मी वर बघितलं की त्यांचे ओठ हलायचे थांबतात, म्हणून मी वर बघत नाही.

मार्चात मोह पडायला लागला. एका गुरुवारी बुधरी ओट्यावर आली ती पत्रावळींऐवजी मोहफुलांची टोपली घेऊन. पाणी प्यायली, तांब्या पालथा घातला आणि जरा इकडंतिकडं बघून म्हणाली, “बाई, मी बी एक केली.”

“काय?”

“तेच. तुमचं ते. पन दूध नाई, टोपली. टोपली भरेपर्यंत.”

मी पेन्सिल घेतली. तिनं पोराच्या डोक्यावर हात ठेवून म्हटली.

मोहं पडते टपटप,
खाली पोरगं निजलं.
झाडा, हळू पाड ना गा.

मी लिहून घेतलं. तीन ओळी. एक वर्ष झालं, मी दुधावर नजर ठेवून लिहिते आहे, बत्तीस पानं छापली आहेत, आणि ही बाई टोपलीभर मोहात माझ्या पुढं निघून गेली. आता खरं सांगायचं तर पोटात थोडं जळलं. स्टोची वात जरा वर असली की जळतं तेवढंच.

“ही मी पुढच्या पुस्तकात छापते. पहिल्या पानावर. तुझ्या नावानं,” मी म्हटलं. छापखान्यात तेव्हा पुन्हा लग्नाचीच धामधूम असणार. पण यावेळी मी यांना बजावून ठेवलं आहे, त्या सनया तेवढ्या राहू द्या म्हणावं.

बुधरीनं टोपली डोक्यावर घेतली. सासूबाई उत्पलाला कडेवर घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी सारं ऐकलं होतं.

“काय वं बुधरी,” त्यांनी विचारलं, “मंग पोरगं जागं झालं का?”

“नाई,” बुधरी ओट्यावरून उतरत म्हणाली. “झाडानं आयकलं.”